‘नाही’ची जागा

तिडके काकांना कोणी “चहा घेता ना?” असं विचारलं तर ते चहा घेत नाहीत. चहा त्यांना आवडतो, दिवसाकाठी पाच कप सहज होतात. पण प्रश्न असा आला की ते चष्म्यावरून समोरच्याकडे बघतात आणि म्हणतात, “हे इचारनं नाही होय. तुमी माह्यासाठी टिक मारून मोकळे झाले.” मग समोरच्यानं “चहा घेता की नाही घेत?” असं दोन्ही बाजूंनी विचारायचं, काकांनी जरा विचार केल्यासारखं करायचं आणि “घेतो” म्हणायचं. आमच्या ऑफिसखालचा चहावाला पहिले पंधरा दिवस वैतागला. मग त्यालाही सवय लागली आणि तो सगळ्याच गिऱ्हाइकांना तसं विचारायला लागला. त्यातले काही जण खरोखरच नको म्हणतात, म्हणून त्याचा काकांवर राग आहे.

आमचं ऑफिस अमरावतीत, एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. चार माणसं आणि पाच कॉम्प्युटर, त्यातला एक बंद. कॉलेजं, वसतिगृहं, शिकवण्या यांना लागणारे ऑनलाइन फॉर्म आम्ही बनवतो. फॉर्म मी तयार करते आणि त्यातल्या चुका काढायला साहेबांनी तिडके काकांना आणून ठेवलंय. काका अकोल्याच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं प्रवेशाच्या खिडकीत बसले. आमचे साहेब त्या कॉलेजचेच विद्यार्थी, आणि त्यांचा प्रवेशअर्ज काकांनी तीनदा परत केला होता. ज्या माणसानं आपल्याला एवढं रडवलं तो आपल्याच बाजूला असलेला बरा, असं साहेबांना वाटलं असावं.

आठवड्यातले तीन दिवस काका अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला येतात आणि तिथून ऑटोनं साडेदहाला हजर. पिशवीत डबा, दोन रंगांची पेनं, रूळ, शंभर पानी वही आणि एक रबरी शिक्का. शिक्क्यावर ‘चौकटीबाहेर लिहू नये’ असं आहे. तो कॉलेजचा नव्हे, काकांनी स्वतःच्या खर्चानं बनवून घेतला होता. ज्या पोराचं नाव किंवा पत्ता चौकटीबाहेर जाईल त्याच्या अर्जावर हा शिक्का बसायचा आणि अर्ज परत. अकोल्यात आजही चाळिशी ओलांडलेले लोक काकांना रस्त्यात बघून गाडी हळू करतात आणि खिशाबाहेर डोकावणारा रुमाल नीट आत घालतात.

काका स्क्रीनवर फॉर्म तपासत नाहीत. आधी कागदावर छापून मागतात, मग खुर्ची खिडकीपाशी ओढून एखादं गिऱ्हाईक बनतात. एक दिवस ते शेंदूरजनाघाटचे बागायतदार असतात, ज्यांचा मोबाईल सुनेच्या हातात आहे. दुसऱ्या दिवशी बी.कॉम.ला दोनदा नापास झालेली मुलगी. त्या मुलीचं नाव, गाव, आधीचे मार्क सगळं त्यांच्याकडे ठरलेलं असतं. एकदा मी फॉर्म दाखवला तर म्हणाले, “थांबा, ही पोरगी आज घाबरून हाय.” मला उशीर होत होता आणि कागदावरच्या मुलीची धडधड थांबेपर्यंत मी बसून राहिले. माझा स्वभाव तसा सहनशील नाही. काकांनी तो बराचसा करून टाकला.

त्यांचं मुख्य वैर टिकच्या चौकटीशी. म्हणजे चौकटीशी नव्हे, तिच्यापुढच्या लाल ताऱ्याशी. फॉर्ममध्ये ज्या रकान्यापुढे तारा असतो तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. नाव, जन्मतारीख, मोबाईल, इथे तो ठीकच. पण टिकच्या चौकटीपुढे तारा लावला की त्याचा अर्थ एकच उरतो, टिक मारलीच पाहिजे. ‘मला नियम मान्य आहेत’ या चौकटीला काकांची हरकत नव्हती. नियम मान्य नसतील तर आत यायचंच कशाला, हे त्यांना पटायचं. ‘खालीलपैकी येत असलेल्या भाषा’ अशा सात चौकटी असल्या तर निदान एकीवर टिक हवी, हेही पटायचं. फक्त तारा एकेका चौकटीला न लावता वरच्या प्रश्नाला लावा म्हणायचे, नाहीतर पोरीला सातही भाषा आल्या पाहिजेत. भांडण असायचं ते एकट्या चौकटीचं. ‘मला वसतिगृह हवे आहे’, ‘माझे वडील शेती करतात’, असली एक ओळ आणि पुढे एक चौकट. तिला तारा लावला तर सगळ्यांचेच वडील शेतकरी होतात. आणि तारा काढला तर रिकामी चौकट परत येते, आणि ती का रिकामी आहे ते कोणाला कळत नाही.

“रिकामी हाय म्हंजे पोरगी नाही म्हनली, का तिनं पाह्यलंच नाही?” ते मला विचारायचे. “तुमी सांगा मॅडम. तुमी तर कॉम्प्युटरवाल्या.”

त्यावर त्यांचा उपाय साधा होता. हो आणि नाही असे दोन गोल द्यायचे, दोन्ही कोरे ठेवायचे, आणि मग पाहिजे तर तारा लावायचा. आधीच टिक मारून ठेवलेली चौकट दिसली की ते फॉर्म उलटा करून ठेवत. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरलेला असताना त्याच्या ताटात तिसरी पुरणपोळी वाढतात, तसलं ते काम आहे, असं त्यांचं म्हणणं. वऱ्हाडातल्या पंगती बघितलेल्या कोणालाही हे पटेल. आमच्याकडे पोळीला नको म्हणणं म्हणजे आणखी एक मागणं.

काका अकोल्यात एकटे राहतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती मुलगी वैशाली धारणीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिथेच खोली करून राहते. तिनं अकोल्याला आपल्याजवळ राहायला यावं, ही काकांची एकच इच्छा. अकोल्याला बदली मिळू शकते हे त्यांनी चार ठिकाणी विचारून पक्कं केलं होतं, वरच्या खोलीला रंग दिला होता, खिडकीला जाळी बसवली होती. फक्त मुलीला विचारलं नव्हतं. दर सोमवारी आम्ही विचारायचो, “काका, बोलले का वैशालीताईंशी?” आणि काका सांगायचे, प्रश्न अजून बराबर बसून नाही राहिला. साहेब मागून हसायचे. मीही हसायचे. फोन उचलून “ये गं” म्हणायला प्रश्न बसवावा लागतो हे आम्हाला नवीन होतं.

मागच्या पावसाळ्यात मुलींच्या एका वसतिगृहाचं काम आलं. तिथल्या व्यवस्थापक बाईंना अर्धवट भरलेल्या अर्जांचा भारी राग, म्हणून त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक रकान्याला तारा लावा. फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती: ‘मी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाणार आहे.’ मी तिलाही तारा लावला. काकांनी फॉर्म छापून घेतला, खिडकीपाशी अर्धा तास बसले आणि वहीत लाल पेनानं हरकत लिहून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, काका, दिवाळीत सगळ्याच मुली घरी जातात.

“सगळ्या?” काका म्हणाले.

मी हो म्हटलं. त्या दिवशी आणखी दोन फॉर्म द्यायचे होते आणि माझ्या मुलाला ताप होता. ही कारणं खरी आहेत, पण ती मी तेव्हा काकांना सांगितली नाहीत. मी नुसती वही मिटून त्यांच्या हातात दिली. काकांनी एकच अट घातली, की फॉर्मच्या तळाशी अडचणीसाठी जो नंबर असतो तो ऑफिसचा नको, माणसाचा पाहिजे. मग त्यांनी स्वतःचाच नंबर घातला. फॉर्म गेला. बाई खूश झाल्या, कारण एकही अर्ज अर्धवट आला नाही.

धनत्रयोदशीला सकाळी मी चकल्या तळत होते आणि काकांचा फोन आला. ते अमरावतीतच होते, वसतिगृहाच्या पायरीवर. तिथल्या चौकीदारानं आदल्या दिवशी फॉर्मवरचा नंबर बघून त्यांना फोन केला होता. अर्जांप्रमाणे सगळ्या मुली घरी जाणार होत्या, म्हणून बाईंनी स्वयंपाकघर बंद केलं, स्वयंपाकीणबाईंना सुट्टी दिली आणि त्या स्वतःही गावाला गेल्या. पण एक मुलगी राहिली होती. काकांनी पहिली गाडी पकडली होती.

मी गॅस बंद करून स्कूटर काढली. पायरीवर काका बसले होते आणि दोन पायऱ्या सोडून एक सडपातळ मुलगी, शेजारी चेन तुटलेली बॅग. नाव फुलवंती, धारणीच्याही पुढच्या गावची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. घरी ती आणि आई दोघीच. आई या दिवसांत संत्रातोडीला शेंदूरजनाघाटकडे जाते, बागेतच राहते, आणि घराला कुलूप असतं. आदल्या रात्री चौकीदाराच्या बायकोनं तिला जेवू घातलं होतं. मी तिला विचारलं की बाई, घरी जायचं नव्हतं तर टिक का मारली.

“टिक मारल्याशिवाय फॉर्म जातच नव्हता, ताई,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

मला फार लाज वाटली. लाज वाटली की मी घाई करते. मी तिची बॅग उचलली आणि म्हटलं, चल माझ्या घरी, दिवाळी आमच्याकडे कर, येतेस ना? फुलवंती मान खाली घालून उभी राहिली. मी बॅग स्कूटरच्या पुढ्यात ठेवायला निघाले.

“मॅडम,” काका म्हणाले, “तिनं अजून काही म्हनलं नाही.”

मग काकांनी वही काढली, एक पान फाडलं आणि रूळ लावून चार चौकटी आखल्या. पहिली, इथेच खोलीत राहायचं, डबा मॅडम पाठवतील. दुसरी, मॅडमच्या घरी. तिसरी, आईजवळ बागेत. चौथीपुढे ‘यापैकी काही नाही’ असं लिहून शेजारी मोकळी जागा सोडली. कागद आणि पेन तिच्या हातात दिलं आणि मला घेऊन फाटकाबाहेर गेले, कारण भरणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं. मला त्या माणसाचा राग आला होता आणि तितकीच माया वाटत होती.

दहा मिनिटांनी फुलवंती बाहेर आली. तिनं दुसऱ्या चौकटीवर, माझ्या घरावर टिक मारली होती. कागद देता देता तिनं विचारलं, की बदलता येते का. खिडकीत असताना खाडाखोड केलेला अर्ज काकांनी कधी घेतला नव्हता. त्यांनी दुसरं पान फाडलं आणि चौकटी पुन्हा आखल्या. या वेळी तिनं तिसरीवर टिक मारली.

आईचा फोन लागत नव्हता, बागेच्या राखणदाराचा लागला. आई फोनवर आली, तिच्या भाषेत लेकीशी भराभरा बोलली आणि वरुडच्या स्टँडवर घ्यायला येते म्हणाली. आम्ही फुलवंतीला बसमध्ये बसवलं. माझ्या अर्ध्या कच्च्या चकल्या तिच्या बॅगेत होत्या. काकांनी कंडक्टरला विचारलं, “पोरीले वरुडले आईच्या हातात देता की नाही देत, ते सांगा.” कंडक्टर म्हणाला, देतो ना बाप्पा. बस गेली. आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो आणि मी दोन चहा सांगितले, न विचारता. काकांनी कप घेतला. तेव्हा मला कळलं की आज त्यांचं लक्ष दुसरीकडे आहे.

“वैशालीले पाहाले आले होते तवा घरात पंधरा मानसं होती,” ते म्हणाले. मग सावकाश सगळं सांगितलं. स्थळ चांगलं होतं, माणसं ओळखीची होती. पोहे झाले, आणि काकांनी सगळ्यांसमोर मुलीला विचारलं, “पसंत हाय ना बाई?” वैशाली जमिनीकडे बघत राहिली. कोणीतरी म्हणालं, पोरगी लाजली. काकाही हसले आणि त्यांनी सुपारी फोडली. तीन वर्षांनी ती एका पिशवीनिशी परत आली. त्या घरात काय झालं ते काकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“मी तिले म्हनलो, तुले पसंत नोहतं तं तवाच नाही काहून नाही म्हनली. ते म्हने, बाबा, तुमी ‘नाही’ले जागाच कुठं ठेवली होती.”

कप त्यांच्या हातात तसाच होता.

“पस्तीस वर्षं लोकाइच्या पोराइले फॉर्म भरना शिकवला मी,” ते म्हणाले. “आता तिले अकोल्याले ये म्हनतो म्हनलं, तं तोंडातून ‘येतेस ना’ असंच निंगते. मंग मी फोन ठेवून देतो.”

मी सोमवारी सोमवारी हसत होते ते मला आठवलं. मी काकांची माफी मागितली, फॉर्मसाठी आणि त्या हसण्यासाठी. काका म्हणाले, फॉर्म दुरुस्त करा, बाकीचं राहू द्या. दिवाळी संपल्यावर पहिल्या दिवशी मी तेच केलं. दोन कोरे गोल घातले, हो आणि नाही, आणि ‘नाही’ निवडलं तर जेवणाची सोय पाहिजे का, हा पुढचा प्रश्न. व्यवस्थापक बाईंना मी स्वतः फोन करून चूक आमची होती हे सांगितलं.

त्याच आठवड्यात काकांनी एक कागद छापून माझ्यापुढे ठेवला आणि तपासायला सांगितला. असं आजवर कधी झालं नव्हतं, तपासायचे ते. वर तारीख, खाली ‘चि. वैशाली’, आणि मधोमध एकच प्रश्न: ‘तुला अकोल्याला राहायला यायचे आहे का?’ पुढे दोन गोल, हो आणि नाही, दोन्ही कोरे, आणि सगळ्याभोवती एक चौकट. हाच कागद त्यांनी दोनदा छापला होता. एकात ‘हो’ आधी होतं, एकात ‘नाही’ आधी, कारण जे आधी येतं तिकडे माणसाचा हात जातो. त्यांनी ‘नाही’ आधीचा कागद पाठवायचं ठरवलं होतं. वरच्या खोलीला दिलेल्या रंगाचा, जाळीचा कुठेही उल्लेख नव्हता. ते वाचून पोरीवर दबाव येईल म्हणाले.

मी दोनदा वाचला आणि चूक सापडली. प्रश्नापुढे बारीक लाल तारा होता.

मी म्हटलं, “काका, तिला उत्तरच द्यायचं नसेल तर?”

काकांनी कागद ओढून घेतला. मग म्हणाले, “मंग रिकामा कागद यीन आन मले समजनारच नाही.” मी म्हटलं, नाही समजणार. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, “काढा तारा.” मी काढला. पाकिटात आपला पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट घालून त्यांनी तो धारणीला पोस्टानं पाठवला. फोन का नाही, असं आता मी विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात कोणी तो विषय काढला नाही. काका नेहमीसारखे यायचे, फॉर्म छापून मागायचे. पण खिडकीपाशी बसून ते कोणी बनत नव्हते. नुसतेच बसायचे. एकदा एका फॉर्ममध्ये मी मुद्दाम चौकटीला तारा लावून ठेवला, तर तोही त्यांच्या नजरेतून सुटला.

चौथ्या आठवड्यात ते साडेदहाऐवजी दहालाच आले. मी एकटीच होते. त्यांनी वहीतून कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडून ठेवला. ‘नाही’चा गोल निळ्या पेनानं भरला होता, गिरवून गिरवून, पूर्ण.

वरच्या खोलीची जाळी माझ्या डोळ्यांपुढे आली. काका मात्र सरळ उभे होते, पोरगा बोर्डात आल्यासारखे.

“पाहा माय,” ते म्हणाले. “साफ नाही म्हनली. बापाच्या तोंडावर.”

हे सांगताना त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. ती येणार नाही याचं दुःख होतंच, ते मला दिसत होतं. पण त्याच्या शेजारी दुसरंही काही होतं. मी कागद जवळ घेतला तेव्हा गोलांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं. ओळ चौकटीतून बाहेर पडून कागदाच्या कडेनं वळून खालपर्यंत गेली होती. ‘माझं काम इथे आहे बाबा. पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येत जाईन. पाटोडीची भाजी तुम्ही करायची, हॉटेलची नाही.’

मी म्हटलं, “काका, चौकटीबाहेर लिहिलंय.”

“लिहू द्या,” काका म्हणाले. “तिले जागा कमी पडली. चूक फॉर्मची हाय.”

मग ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, वहीचं नवं पान काढलं आणि पाटोडी कशी करतात ते विचारलं. काकू असताना त्यांनी कधी चूल बघितली नव्हती. मी सांगत गेले, बेसन, तिखट, मीठ, हळद, खोबरं, खसखस, आणि ते एकाखाली एक लिहीत गेले. लिहून झाल्यावर रूळ घेऊन त्यांनी प्रत्येक जिन्नसापुढे एक चौकट आखली. पान माझ्याकडे फिरवून म्हणाले, तपासा. सगळं बरोबर होतं. तारा फक्त मिठापुढे होता.